कोरो तेपानोचे डोळे

कोरो तेपानो पर्यटकांसाठी मोआई कोरतो,
वीतभर उंचीचे, चर्चशेजारच्या बाजारात विकायला.
नाक लांब, कान लांब, ओठ मिटलेले,
डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी.
"डोळे का नाही बसवत?" एका बाईनं विचारलं, दुभाष्यामार्फत.
"तुमच्या फ्रिजवर उभा राहणार बिचारा," तो म्हणाला,
"कशाला बघायला लावू?"
दुभाष्यानं तिला काही वेगळंच सांगितलं असावं.
ती हसली. दोन घेतले.

मी त्याची भाची, उका.
रानो राराकूच्या खाणीवर पहारा करते.
वाट सोडू नका, हात लावू नका,
मोआईच्या नाकात बोट घातल्यासारखे फोटो काढू नका.
दिवसातून चाळीस वेळा, तीन भाषांत.
संध्याकाळी गाड्या गेल्या की गवत उरतं,
घोडे उरतात,
आणि गळ्यापर्यंत मातीत गेलेली आमची माणसं.

वर कड्यात एक आडवा आहे.
चेहरा झाला, पोट झालं,
लांब बोटं बेंबीखाली टेकलीसुद्धा.
फक्त पाठ सुटायची राहिली.
कण्याएवढी पट्टी डोंगराला धरून आहे अजून,
नाळ कापायच्या आधीच सुईण उठून गेली
तसा.
आसपास दगडी टोकी पडलेल्या.
दगडानंच दगड कोरायचा; लोखंड अजून समुद्रापार होतं.
का थांबले, याचं पुस्तकवाले दरवर्षी नवं कारण आणतात.
कोरो म्हणतो, जेवायला गेले असतील.

मग त्याच्या डोळ्यांत पांढरं उतरलं.
"बघ," म्हणाला, "मला प्रवाळाचे डोळे आले."
पूर्वी मोआई आहूवर उभा राहिला की
सगळ्यात शेवटी डोळे बसवायचे,
पांढरं प्रवाळ, मधोमध तांबडा दगड,
आणि मगच तो बघू लागायचा.
समुद्राकडे नाही, गावाकडे.
लाटांना पाठ लावून, दारात आडव्या बसलेल्या माणसासारखा,
तोंड घरच्यांकडे.
कोरोचं उलटं झालं. प्रवाळ आलं
आणि गाव गेलं.

सान्तियागोला पाच तास विमान.
जन्मात पहिल्यांदा बेट सोडलं त्यानं.
खिडकीजवळची जागा मिळाली होती,
वाया गेली.

परतला तेव्हा शिडीवरच थांबला, मला न्याहाळत.
"उका, तू म्हातारी झालीस गं."
मग घरी न जाता म्हणाला, "खाणीवर ने."

वाटेखालचा तो, डावीकडे कललेला.
लहानपणी याच्या सावलीत तो रताळी खायचा.
कोरो बराच वेळ उभा राहिला.
"हे काय आलंय याला?"
गालांवर, ओठांवर, भुवईच्या कडेला
पांढरट दगडफुलं, थाळीएवढी.
"कधीपासून?"
"तू रोज यायचास, तेव्हापासून."
"याच्या ओठांना धार होती, उका. बोट कापेल अशी."

त्यानं दोरी ओलांडली.
हात लावला.
शिट्टी माझ्या ओठांत होती.
तो गालावरून अंगठा फिरवत राहिला,
पोराच्या तोंडावरचं दूध पुसावं तसा,
आणि दगड पिठासारखा त्याच्या अंगठ्याला लागला.
तेव्हा त्यानं हात मागे घेतला.
अंगठा पुसला नाही. घरापर्यंत तसाच वर धरून आणला.

रात्री टकटक ऐकू येत होती.
सकाळी खिडकीत एक उभा होता, वीतभर उंचीचा,
समुद्राकडे पाठ, स्वयंपाकघराकडे तोंड,
खोबणीत प्रवाळाचे दोन तुकडे, एक जरा तिरपा.
तो बघत होता, माझे चिखलाचे बूट,
विजेचं न भरलेलं बिल,
अर्धं रताळं, त्यावर माशी.

"हा किती सांगणार?" मी विचारलं.
कोरो चहा फुंकत होता.
"बघू दे त्याला आधी," म्हणाला.